मावळ मतदारसंघ 'एका रात्रीत कापला' म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या कर्जतच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. म्हणे मावळ लोकसभा मतदारसंघ नेत्यांनी एका रात्रीत कापला, घाटावरचा पुणे जिल्हा आणि घाटाखालचा रायगड असे दोन जिल्ह्यांचे भाग एकत्र बांधायचा प्रकार फक्त इथेच झालाय, खालच्यांना मुद्दाम दाबलंय, आणि राज्य सरकारने मनात आणलं तर पुढच्या निवडणुकीआधी सगळा रायगड एका मतदारसंघात येऊ शकतो. राग मला कळतो, पण यातलं बहुतेक चूक आहे.

'एका रात्रीत' म्हणाल तर मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखायचा कायदा २००२ चा, त्यासाठीचा आयोग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा, मसुदा छापून आला, हरकती मागवल्या, सुनावण्या झाल्या आणि आदेश लागू झाला १९ फेब्रुवारी २००८ ला. आयोगासोबत खासदार-आमदार बसायचे हे खरंय, त्यांनी आपापलं म्हणणं रेटलंही असेल, पण त्यांना मत नव्हतं.

मग घाट ओलांडला कशाला? तर हिशोब करून बघा. राज्यात विधानसभेच्या २८८ जागा, लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार, आणि विधानसभेचा मतदारसंघ मधून तोडता येत नाही. रायगडात सात, रत्नागिरीत पाच, सिंधुदुर्गात तीन, झाले पंधरा. त्यातून दोन खासदार निघाले की तीन जागा उरतात. वर पुणे जिल्ह्यात एकवीस, पुणे-बारामती-शिरूरला अठरा गेल्या की तिथेही तीनच उरतात. इकडचे पनवेल, कर्जत, उरण आणि तिकडचे मावळ, पिंपरी, चिंचवड मिळून सहा झाले. ठाण्याला जोडा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात चोवीस जागा होत्या, चार खासदार बरोब्बर, एकही जागा शिल्लक नाही.

आणि घाट म्हणजे काही भिंत नाही हो. कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिनं लागतात, वडापाववाले खिडकीपाशी येतात आणि धक्का देत गाडी लोणावळ्याला चढते, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे तर कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत अख्खा याच मतदारसंघात आहे. सीमा आखताना दळणवळण बघायचं असं कायद्यातच लिहिलंय.

'फक्त इथेच' हे तर अजिबात खरं नाही, दोन जिल्ह्यांचे भाग जोडलेले मतदारसंघ इतरही आहेत. माढ्यात साताऱ्याचे फलटण-माण आहेत, हातकणंगल्यात सांगलीचे इस्लामपूर-शिराळा, रावेरमध्ये बुलढाण्याचं मलकापूर, आणि रायगड लोकसभेत दापोली-गुहागर आहेतच की.

खालच्यांना दाबलं म्हणता, तर २००९ पासून खासदार पिंपरी-चिंचवडकडचाच झाला हे खरं आहे आणि मलाही ते खटकतं. साध्या पत्रासाठी उरणच्या माणसाला घाट चढावा लागला तर त्याचा दिवस मोडतो. पण मतदारांच्या बाबतीत पनवेल चिंचवडइतकंच भारी आहे, उमेदवार कुठला द्यायचा हे पक्ष ठरवतात, तेव्हा भांडायचं तर तिकीट वाटताना पक्षांशी भांडा, नकाशाशी नको.

आणि राज्य सरकारचा तर इथे अधिकारच नाही. उद्या जिल्हे फोडले तरी लोकसभेची हद्द हलत नाही, पालघर जिल्हा २०१४ ला झाला तेव्हाही हलली नाही. त्यासाठी संसदेच्या कायद्याने नवा आयोगच बसावा लागतो, परत मसुदा, परत हरकती. पनवेल ज्या वेगाने वाढलंय ते बघता तेव्हा रायगडच्या जागा सातच राहतील असं नाही, आणि तो आकडा हलला की हे सगळं गणित पहिल्यापासून मांडावं लागणार आहे.