युरियाबद्दल मी चुकलो: निपाणीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण एका मुद्द्यावर मला पुन्हा पुस्तकं काढून बसावं लागलं. ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मी ‘इलेक्ट्रॉनिक जीभ’ या यंत्राबद्दल लिहिलं होतं. द्रवात सात-आठ संवेदक बुडवायचे, त्यांचे व्होल्टेज संगणकाला द्यायचे आणि त्यावरून दूध, चहा, पाणी यांची पारख करायची. काकांनी निपाणीजवळच्या दूध संस्थेत तीस वर्षं टेस्टर म्हणून काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं: यंत्राला चव कळत नाही, मग त्याला जीभ म्हणून लोकांना भुलवता कशाला? ते दुधातली युरियाची भेसळ पकडतं हे कशावरून लिहिलंत? दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर आणि नाक असताना त्याची गरजच काय? आणि उद्या त्यानं एखाद्या बाईचं दूध नापास केलं, तर तिनं दाद कुणाकडे मागायची?

युरियापासून सुरुवात करतो, कारण तिथं माझी चूक झाली आहे.

मी ज्या जिभेचं वर्णन केलं तिचे इलेक्ट्रोड, म्हणजे ते बुडवायचे संवेदक, आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना प्रतिसाद देतात: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड, आम्लतेचा हायड्रोजन. युरियाच्या रेणूवर भारच नसतो. तो दुधात विरघळतो आणि या सगळ्या पहारेकऱ्यांसमोरून निघून जातो. त्याला अडवायचं तर इलेक्ट्रोडच्या टोकावर युरिएज हे एन्झाइम बसवावं लागतं. ते युरिया फोडून अमोनियम तयार करतं आणि अमोनियमला भार असतो. गिलबॉल्ट आणि मोंताल्व्हो यांनी असा इलेक्ट्रोड १९६९ सालीच करून दाखवला होता. पण एन्झाइम दिवसागणिक आणि उष्णतेनं मंदावतं, शेल्फवर ठेवून विसरून जावं अशी ती वस्तू नाही. शिवाय युरिया दुधात मुळातच असतो. जनावराला प्रथिनं जास्त गेली, चारा-पेंडीचा मेळ बिघडला की वाढतो. म्हणून तर नियमात १०० मिलीलिटरला ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो, आणि म्हणूनच तुमच्या डीएमएबी चाचणीत (रसायन घालून पिवळेपणावरून युरिया ओळखायचा ती) चांगल्या दुधालाही फिकट पिवळी झाक येते. प्रश्न ‘आहे का’ असा नसून ‘किती आहे’ असा असतो. मी लिहिलेलं ते वाक्य मूळ लेखातून खोडलं आहे आणि खाली दुरुस्ती टाकली आहे. तुम्ही बोट ठेवलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं, आणि कुणीतरी ते खरं धरून चाललं असतं.

आता नावाचं. इथं तुमचं म्हणणं निम्मं मान्य. या एका नावाखाली दोन वेगळी घराणी नांदतात. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या कियोशी तोको यांनी १९९०च्या सुमारास मेदाचे पातळ पडदे लावलेले इलेक्ट्रोड बनवले. जिभेच्या पेशीचं आवरणही मेदाचंच असतं. हे इलेक्ट्रोड आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी रुचकर चव) यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि औषध किती कडू लागेल याचा अंदाज माणसाला न चाखवता घेता येतो. त्यांना चवीचं यंत्र म्हणणं मला रास्त वाटतं. दुसरं घराणं सेंट पीटर्सबर्गच्या व्लासोव्ह आणि लेगिन यांचं. त्यांचा चवीशी थेट संबंध नाही. खास काचेचे इलेक्ट्रोड, द्रवातले आयन आणि गणित. दुधाची जी जीभ मी सांगितली ती या दुसऱ्या घरातली. तिला जीभ म्हणताना मी हा फरक सांगायला हवा होता.

तरीही एका अर्थानं ते नाव चुकीचं नाही. प्रत्येक इलेक्ट्रोड एकाच पदार्थाला ओळखत असता, तर ही फक्त मीटरांची रांग झाली असती. इथं मुद्दाम असे इलेक्ट्रोड घेतात की प्रत्येकाला थोडं थोडं सगळंच जाणवतं, पण प्रमाण निरनिराळं. आपल्या डोळ्यात रंगाच्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. त्यातली एकही ‘केशरी’ ओळखत नाही, तरी केशरी आपल्याला दिसतो, कारण तिघींच्या साक्षी मेंदू एकत्र वाचतो. या यंत्रात ते वाचायचं काम गणित करतं. तेवढं साम्य खरं आहे.

लॅक्टोमीटरबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि याचं कारण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. साय काढली की दूध जड होतं, डिग्री वर जाते. मग त्यात पाणी घातलं की डिग्री पुन्हा जागेवर. दोन खोड्या केल्या तरी लॅक्टोमीटर पास म्हणतो. म्हणूनच जोडीला फॅट बघावं लागतं. आणि नाक? आंबूस दूध, उग्र चाऱ्याचा वास, यात तुमच्या नाकाला तोड नाही. पण दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेल्या सडाचं दूध सुरुवातीच्या दिवसांत वासाला चांगलंच असतं. तेव्हा त्यात सोडियम आणि क्लोराइड वाढलेलं असतं. सोडियम दुप्पट झालं तर इलेक्ट्रोडवर सुमारे १८ मिलिव्होल्टचा फरक पडतो, कारण आयनांवरून व्होल्टेज सांगणाऱ्या नेर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे २५ अंशांना आयन दसपट झाले की ५९ मिलिव्होल्ट मिळतात. एवढा फरक साधं यंत्रही पकडतं. खरं तर एवढ्यापुरता कंडक्टिव्हिटी मीटरही चालेल, महागडी जीभ लागत नाही. पण नाकाला हे कळणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. माझ्या घरातच त्याचं उत्तर नव्हतं.

आमचं गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात. आई दोन म्हशींचं दूध गावच्या केंद्रावर घालते. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आठ दिवस तिच्या पावतीवर फॅट ५.४ यायला लागलं. पावती कन्नडमध्ये. आईला कन्नड वाचता येत नाही, आकडे येतात. तिनं पावती माझ्यापुढं धरली आणि विचारलं, “म्हशीनंच पाणी घातलं व्हय रे?” दूध तिनं स्वतः काढलेलं, स्वतः नेलेलं. मी दुसऱ्या सकाळी त्याच दुधाची बाटली बेळगावला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली, गर्बर, म्हणजे फॅट मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत, लावलं. ६.८ आलं. केंद्रावर जाऊन सांगितल्यावर यंत्र साफ केलं, पुन्हा जुळवलं, आणि आकडा परत जागेवर आला. त्या आठ दिवसांचे पैसे काही आले नाहीत. आईनं ते कधी मागितले नाहीत, पण पुढं कितीतरी दिवस ती पावती घडी करून ब्लाउजात न ठेवता हातात उघडीच धरून यायची.

ते यंत्र तर साधं होतं. इलेक्ट्रॉनिक जीभ त्याहून नाजूक. दुधातली चरबी आणि प्रथिनं इलेक्ट्रोडवर थर धरतात, आकडा हळूहळू सरकतो. तापमानानंही बदलतो: जी दसपट २५ अंशांना ५९ मिलिव्होल्ट देते, तीच कासेतून नुकत्याच काढलेल्या ३८ अंशांच्या दुधात जवळपास ६२ देते आणि कूलरमधल्या ४ अंशांना ५५. स्वीडनमध्ये लिंकोपिंगच्या विन्क्विस्ट यांनी सोनं, प्लॅटिनम अशा धातूंच्या तारांना व्होल्टेजचे झटके देऊन दूध नासत जाताना टिपलं, तो निबंध १९९८चा. प्रयोगशाळेत ते जमलं. आपल्या गावातल्या केंद्रावर, वीज जाऊन-येऊन असताना, धुण्याचं पाणी टाकीतलं असताना ते रोज कोण जुळवणार, हे ठरल्याशिवाय त्याच्या आकड्यावर कुणाचाही दर कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कापायचाच तर त्याच दुधाची सीलबंद बाटली बाजूला ठेवली पाहिजे, म्हणजे बाईला दुसरीकडे तपासून घेता येईल. कोणतंही यंत्र असो, हे आजही व्हायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मागच्या लेखात मी अजिबात सांगितली नाही. या जिभेला स्वतःचं असं काही कळत नाही. तिला शिकवावं लागतं: हे चांगलं दूध, हे आंबूस, हे दगडीचं. कोलकात्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी चहासाठी अशी यंत्रं केली, तेव्हा पारख ठरवायला चहा चाखणाऱ्या अनुभवी माणसांचेच गुण घेतले. यंत्र त्यांच्या जिभेशी स्वतःला जुळवत गेलं. म्हणजे जर्सीच्या दुधावर शिकलेली जीभ आमच्या म्हशीच्या दुधापुढं ठेवली, तर ती त्यालाच दोष म्हणेल. ती कुणाच्या दुधावर शिकली आणि कुणी शिकवली, हे विचारल्याशिवाय तिचा आकडा वाचूच नये.

म्हणून काका, एक विनंती. आमच्या प्रयोगशाळेत पीएच, सोडियम आणि क्लोराइडचे इलेक्ट्रोड आहेत, कंडक्टिव्हिटी मीटर आहे. दिवाळीनंतर दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी महिनाभर नमुने गोळा करणार आहे. तुमच्या ओळखीच्या संस्थेत चार सकाळी तुम्ही माझ्यासोबत उभे राहाल का? प्रत्येक कॅनचं झाकण उघडल्यावर तुम्हाला जे वाटेल ते आधी वहीत लिहायचं, मगच मी इलेक्ट्रोड बुडवणार. आकडा बघून शेरा बदलायचा नाही, एवढीच अट.

बाटल्या आणि बर्फाची पेटी मी आणतो. संकलन सहाला सुरू होत असेल तर आदल्या रात्रीच निपाणीला येऊन राहतो.