रेकॉर्ड विकताय ना, मग पिन तरी धड ठेवा

परवा जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात गायिका किशोरीताई आमोणकरांची एलपी हाती लागली. कोलकात्याच्या दमदममधल्या रेकॉर्ड कारखान्यात छापलेली. कव्हर पिवळं पडलेलं, पण तबकडी काळीभोर, ओरखडा नाही. म्हटलं, "काका, जरा लावून दाखवता का?" काकांनी काउंटरखालून सुटकेससारखा एक प्लेअर काढला आणि मी "थांबा थांबा" म्हणेपर्यंत पिन टेकवलीसुद्धा. आलाप घोगरा, सूर हलतोय. पोटात गोळाच आला.

अशा स्वस्तातल्या प्लेअरची पिन सहसा ५-६ ग्रॅम भाराने दाबते. चांगल्या टर्नटेबलवर पिन ज्यात बसवलेली असते, त्या बऱ्यापैकी मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. फरक फुटकळ वाटेल, पण टोक केसाहून बारीक, सगळा भार तेवढ्याच जागेवर. त्यात पिन झिजलेली असली की ती, आवाज जिच्यात कोरलेला असतो, त्या खाचेच्या भिंती तासत जाते. तासलं गेलेलं परत येत नाही.

आपल्या शास्त्रीय गाण्याचं तर यात जास्तच नुकसान आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ येईपर्यंत जेमतेम २०-२२. तेवढेच सूर, जागा निम्म्याहून कमी. आणि बाजू संपताना आपल्याकडे काय असतं? द्रुत. ताना. ज्यासाठी जीव टाकून रेकॉर्ड घ्यायची, तेच आधी जातं.

एका दुकानात तर पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनवर एलपी लावताना पाहिलंय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डसाठी बनलेलं ते यंत्र, दर बाजूनंतर बदलायची पोलादी सुई, आणि खाली मऊ प्लास्टिक! गिऱ्हाईक कौतुकाने व्हिडिओ काढत होतं.

भंगारात जाणारा हा ठेवा या दुकानदारांनीच वाचवला, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच कळकळीने सांगतो, एक जुना पण धड टर्नटेबल ठेवा, पिन वेळच्या वेळी बदला. रेकॉर्डमागे पन्नास रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ. आणि घेणाऱ्यांनो, तसा प्लेअर दाखवायला काढला तर सरळ नको म्हणा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेबलजवळचा भाग बघा. ओरखडा परवडतो, एखादी टकटक होते एवढंच. पण तिथे राखाडी झाक दिसली तर ती धुऊन जायची नाही.

ती एलपी मी घेतली. घरी धुऊन, नीट पुसून लावली. आलाप स्वच्छ आहे, अगदी समोर बसून गातायत असा. दुसऱ्या बाजूला मात्र शेवटच्या चार मिनिटांत प्रत्येक तानेवर वाळू सांडल्यासारखी खरखर येते. इतकी वर्षं कुठल्या कुठल्या पिनेखाली गेली असेल, कोण जाणे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ताईंच्या एलपी जपून ठेवलेल्या असतील तर कळवा. विकत मागत नाही. माझी पिन घेऊन येतो, शेवटची चार मिनिटं तेवढी ऐकू द्या.