गट नंबर सोडा, शेताचं नाव सांगा

दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, मी कोर्ट सोडतेय. पुण्यात कर्जवसुलीच्या नोटिसा काढायचं काम मिळालंय, सोमवारी हजर व्हायचंय." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

वकिलीची सनद घेऊन चौदा महिने झाले पोरीला. सिनिअरकडे बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांची यादी, बघायचा, तारखा घ्यायच्या, नकलांसाठी हेलपाटे घालायचे. हातात महिन्याला दोन हजार. खोलीचं भाडं साडेतीन हजार. आणि हिला व्हायचंय न्यायाधीश. आजचं नाही हे, २०१७ पासूनचं.

त्या वर्षी आमच्या आईची साक्ष होती, तालुक्याच्या कोर्टात, वाटणीच्या दाव्यात. भाची शाळा बुडवून आजीबरोबर आलेली. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत एकच धोशा लावला, अमक्या गट नंबरात तुमची वहिवाट कधीपासून? आई गप्प. तिला गट नंबर कुठला माहीत! डायसवर, न्यायाधीशाच्या खुर्चीत, तरुण मॅडम होत्या, पंचविशीच्या असतील. म्हणाल्या, "आजी, गट नंबर सोडा, शेताचं नाव सांगा." आई म्हणाली, "आंब्याचं वावर." आणि मग धडाधडा बोलली. बांध, विहीर, कोणत्या साली कोण नांगरत होतं, सगळं.

आमचे वकील बाहेर आल्यावर नाक मुरडून म्हणाले, कॉलेजातून थेट डायसवर आल्यात, एक दिवस प्रॅक्टिस नाही.

२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ती वाटच बंद केली. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. २००२ मध्ये याच कोर्टाने ही अट काढली होती, हुशार मुलं थेट यावीत म्हणून. आता परत आणली, आपल्या अमरावतीचे गवईसाहेब सरन्यायाधीश असताना. त्याचं जास्त लागलं.

हो, नवखे न्यायाधीश चुकतात, वकिलांवर उगाच डाफरतात, तेही पाहिलंय. मान्य.

पण ही तीन वर्षं कोण काढू शकतं? ज्याच्या बापाचं ऑफिस कोर्टासमोर आहे तो! बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्या असं परिपत्रक काढलं. नुसती शिफारस. कोणता सिनिअर देतो, दाखवा मला. अट मात्र सक्तीची. ऊसतोड्याच्या, शेतमजुराच्या पोरीने तीन वर्षं काय खायचं? आणि मुलगी असली की घरचे रोज विचारणार, अजून किती दिवस? एमपीएससीची पूर्व, मुख्य, मुलाखत, मग उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण, एवढ्या चाळण्या आहेत ना? तिथलं प्रशिक्षण वाढवा. पगार देऊन वर्षभर अनुभवी न्यायाधीशाशेजारी बसवा. ते नको. पोरांनी फुकट राबायचं.

आणि शेताचं नाव विचारायचं कोणत्या सिनिअरच्या ऑफिसात शिकवतात? त्या मॅडमना ते ठाऊक होतं, कारण त्यांच्याही घरी कुणाला गट नंबर येत नसणार. मी कधी विचारलं नाही, पण मला खात्री आहे.

तो दावा आम्ही हरलो, सांगून टाकतो. निकाल त्याच मॅडमनी दिला. घरी सगळे चिडलो होतो. आई तेवढी म्हणाली, "माझं ऐकून घेतलं तिनं." निकालपत्रात एका ठिकाणी "आंब्याचं वावर" असं लिहिलेलं होतं. भाचीने ते पान झेरॉक्स करून घेतलं. अजून तिच्या पुस्तकात आहे.

लिहिता लिहिता राग उतरला, आता नुसतं वाईट वाटतंय. चौदा महिने गेले, बावीस राहिले. भाड्याचे साडेतीन हजार मी देतो. डब्याचं तुझी आई आणि मी मिळून बघू. संध्याकाळपासून चार वेळा फोन लावला. उचल गं बाई. सकाळच्या पहिल्या गाडीने येतोय, तोवर बॅग भरू नकोस.