लसणाने जंत मरत नाहीत आणि टिप्या लांडगा नाही

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीने फोटो पाठवला. फ्रीझरचं दार उघडं, बर्फाच्या ट्रेशेजारी चार काळ्या कॅरीबॅगा. खाली लिहिलं होतं, "बोकडाची फुफ्फुसं! खाटकाने फुकट दिली. टिप्याचं खाणं बदललं आजपासून." टिप्या म्हणजे तिचा पाच महिन्यांचा लॅब्राडोर. त्याच्या मागोमाग तो मेसेज आला, डोक्यावर दोन बाणांचा शिक्का मिरवत. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, धान्य त्याला पचत नाही, शिजवलेलं अन्न म्हणजे त्याच्यासाठी विष, कच्चं मांस आणि कच्ची फुफ्फुसं-काळीज द्या, जंताच्या गोळ्या बंद करा, रोज दोन पाकळ्या लसूण चारा. शेवटी हात जोडून विनंती, की प्रत्येक श्वानप्रेमीपर्यंत पोचवा.

मी तिला तीन व्हॉइस मेसेज पाठवले. तिने एकही ऐकला नाही, कारण "ताई, तू फार लांबण लावतेस". ठीक आहे. आता लिहूनच लांबण लावते. तिच्या घरात पावणेदोन वर्षांची माझी भाची आहे आणि ती दिवसातला अर्धा वेळ टिप्याच्या अंगावर लोळत असते, म्हणून हा खटाटोप.

आधी लांडगा. वंशज आहे, मान्य. पण मध्ये हजारो वर्षं गेली आणि ती माणसाच्या उकिरड्याशेजारी गेली. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना छापली. पिष्ट पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. धान्य पचवायची सोय कुत्र्याच्या अंगातच झालेली आहे. आणि हे समजायला स्वीडनला जायची गरज तरी काय? सोलापूरकडच्या माळावर जाऊन बघा. तिथे लांडगा अजून आहे, धनगरांचे कळप आहेत आणि कळपाला राखणारी कुत्रीही आहेत. लांडगा मेंढरू उचलतो, कुत्रा भाकरी खाऊन त्याच्यामागे धावतो. नामदेवांच्या गोष्टीतल्या कुत्र्यानेसुद्धा कोरडी भाकरीच पळवली होती, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले होते. धान्य पचत नसतं तर महाराष्ट्रात कुत्रा ही जात शिल्लकच राहिली नसती.

(नुसती दूध-चपाती हा पूर्ण आहार आहे असं मी म्हणत नाहीये. तो वाद वेगळा.)

मेसेजमध्ये पुढे होतं, "कुत्र्याच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सगळे जंतू मरतात." आम्ल तीव्र असतं हे खरं. उपाशीपोटी माणसाचंही असतं, तरी शिळ्या चिकनने आपण आडवे होतोच. कुत्रा बरेचदा आजारी न पडता साल्मोनेला नावाचा हगवणीचा जंतू पोटात बाळगतो आणि विष्ठेतून बाहेर टाकत राहतो. कुत्रा ठणठणीत, हगवण घरातल्या लहान पोराला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे हजारावर नमुने तपासले. त्यात कच्च्या खाद्याचे १९६ होते. १५ मध्ये साल्मोनेला निघाला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हा दुसरा घातक जंतू. कोरड्या खाद्यात साल्मोनेला सापडला तो एका नमुन्यात, तोही मांजराच्या खाद्याचा. आणि तो कच्चा माल बंद पाकिटातला, कंपनीत तयार झालेला होता. आपल्याकडे चिकन सेंटरच्या ओट्यावर एकाच सुऱ्याने सगळं कापलं जातं, एकाच फडक्याने पुसलं जातं. त्या पिशवीचं पाणी फ्रीझमध्ये खालच्या कोथिंबिरीवर ठिबकतं आणि टिप्याचं भांडं आपल्याच बेसिनमध्ये आपल्याच घासणीने घासलं जातं. फ्रीझरने साल्मोनेला मरत नाही, तो नुसता थांबतो. हळद-मीठ चोळल्यानेही मरत नाही.

हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी चालेल. माझा खरा राग त्या चौथ्या वाक्यावर आहे: कच्ची फुफ्फुसं-काळीज घाला, जंताच्या गोळ्या बंद करा आणि लसूण द्या. हे लिहिणाऱ्याला कुत्रा नीट माहीत नाही, बोकड माहीत नाही आणि जंत तर मुळीच माहीत नाही.

शेळ्यामेंढ्यांच्या काळजात आणि फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले पांढुरके फुगे असतात. कुठल्याही जुन्या खाटकाला विचारा, त्याने पाहिलेले असतात. त्याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. इकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची ती पिल्लावळ. तो फुगा कुत्र्याने कच्चा खाल्ला की आतली पिल्लं कुत्र्याच्या आतड्याला चिकटतात आणि मोठी होतात. मोठी म्हणजे किती, तर काही मिलीमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नाहीत. अशी हजारो असली तरी कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. साधारण दीड महिन्यात त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्रा आपली मागची बाजू चाटतो, मग अंग चाटतो, मग पोरीचं तोंड चाटतो. अंडी केसांना चिकटलेली असतात, मातीत महिनोन् महिने टिकतात. पोर कुत्र्याच्या मानेत हात घालते आणि तेच बोट तोंडात घालते.

माणसाच्या पोटात गेल्यावर त्या अंड्यातून पुन्हा तोच पाण्याचा फुगा तयार होतो. बहुतेकदा यकृतात, नाहीतर फुफ्फुसात. तो इतक्या सावकाश वाढतो की वर्षानुवर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा तो लिंबाएवढा, कधी नारळाएवढा झालेला असतो आणि ऑपरेशन करताना फुटू नये म्हणून सर्जन जीव मुठीत धरून काम करतात, कारण आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उठू शकते आणि नव्या गाठीही रुजू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या जंताच्या आजाराने जगात कुठल्याही एका वेळी दहा लाखांहून जास्त माणसं ग्रासलेली असतात. ही बहुतांशी मेंढपाळ भागांतली माणसं, जिथे कापलेल्या जनावराचं नको असलेलं कुत्र्यापुढे टाकतात. बहीण सांगलीच्या फ्लॅटमध्ये बसून, मासिक हप्त्यावर घेतलेल्या फ्रीझरमध्ये साठवून, नेमकं तेच करणार होती.

तिचा पहिला प्रश्न होता, "मग आपण मटण खातो त्याचं काय?" मटण खाऊन आपल्याला हा आजार होत नाही. मधे कुत्रा लागतो. म्हणून तर तोडायची जागाही तीच: कुत्र्याला कच्चं काळीज-फुफ्फुस द्यायचं नाही आणि त्याला वेळच्या वेळी प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध द्यायचं. हा आजार असलेल्या भागांत कुत्र्यांना ते वर्षातून किमान चार वेळा द्यावं, असं हीच संघटना सांगते. मेसेज काय सांगतो? गोळ्या बंद करा. एका हाताने जंत भरवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचं औषध काढून घ्यायचं. मुद्दाम कुणाचं वाईट करायचं ठरवलं असतं तरी याहून चांगला बेत सुचला नसता.

लसणाने पट्टकृमी मरत नाही. उलट कांदा आणि लसूण या दोन्हींनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि जास्त गेले तर रक्तक्षय होतो. शिजवल्यानेही तो गुण जात नाही, तेव्हा आपल्या मटणाचा उरलेला रस्सा टिप्याला ओतणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं. (आई, तुला म्हणतेय.)

"ताजं आणि तपासलेलं असतं" असं बहिणीचं म्हणणं. कत्तलखान्यात तपासणी होते तेव्हा अशा गाठी असलेले अवयव बाजूला काढायचे असतात. पण चार पिशव्या फुकट का मिळाल्या, हा प्रश्न तिला पडला नाही. आमच्या भागात खाटीक कोथिंबीरसुद्धा फुकट देत नाही. खूप थंडीत काही दिवस ठेवलं तर हे फुगे निकामी होतात, हेही मला माहीत आहे. पण तिच्या फ्रीझरमध्ये कुल्फी घट्ट होत नाही, तिथे मी भाचीचं यकृत पणाला लावणार नाही.

मेसेजमधलं राहिलेलं भराभर.

"मांस खाल्ल्याने पिल्लाची हाडं मजबूत होतात." नुसत्या मांसाने उलटं होतं. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. मग मोठ्या जातीचं पिल्लू लंगडतं, जिना चढायला नको म्हणतं, साध्या उडीत पाय मोडतो. बहिणीला हाडांची भीती वाटते म्हणून ती खिमाच घालणार होती, म्हणजे नेमका हाच खड्डा. गंमत अशी की नव्वदच्या दशकात ज्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने, इयान बिलिंगहर्स्टने, हे कच्च्या खाण्याचं खूळ लोकप्रिय केलं, त्याच्या आहारात कच्ची हाडं हा मुख्य भाग होता. आपल्या मेसेजवाल्याने ते खूळही अर्धंच उचललं.

"शिजवल्याने एन्झाइम मरतात." मरू देत. कुत्र्याला स्वादुपिंड आहे, पचनाला लागणारी एन्झाइम त्याची तो बनवतो. अन्नातली एन्झाइम ही प्रथिनं, ती पोटात गेल्यावर तशीही पचूनच जातात.

"कच्च्या हाडांनी दात स्वच्छ होतात." किटण थोडं निघतं, खरं आहे. कडक हाडाने दाढेचा टवकाही निघतो. आणि शिजवलेली हाडं देऊ नयेत हे मेसेजमधलं एकमेव निखळ बरोबर वाक्य आहे. त्यांच्या कपच्या होतात, आतड्यात अडकतात. ते तेवढं लक्षात ठेवा.

"केस चमकतात, शी कमी होते." होतं. चिडचिड होतेय हे लिहिताना, पण होतं. मांसातली चरबी केसांना चमक देते आणि सुट्ट्या पोत्यातून विकल्या जाणाऱ्या स्वस्त खाद्यापेक्षा मांस जास्त पचतं, म्हणून शी कमी. मात्र तेच मांस शिजवून घातलं तरी केस तितकेच चमकतात.

काल सकाळी बहिणीने पिशव्या फेकल्या नाहीत, "पाप लागेल" म्हणून. कुकरला लावल्या. पाच शिट्ट्या. घरभर वास सुटल्यामुळे दाजी बाल्कनीत जाऊन बसले. जंताची गोळी मात्र टिप्याने दोनदा थुंकली, तिसऱ्यांदा शिजलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्यात लपवली तेव्हा गिळली. भांडं त्याने चाटून इतकं लख्ख केलं, की भाची त्यात आपला चेहरा बघत बसली होती. भांडं काढून घे आणि तिचे हात धू, एवढं मी फोनवर ओरडून सांगितलं. तो व्हॉइस मेसेज नव्हता म्हणून ऐकावं लागलं तिला.