गाणं विकलं तरी रॉयल्टी विकली जात नाही

शिवजयंती, गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नव्या गाण्यांना ऊत येतो. मंडळाचं नाव, गल्लीचं नाव, अध्यक्षांचं कौतुक, सगळं त्यात. लिहिणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे, ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर सही घ्यायची, की झालं. लिहिणारेही म्हणतात, "विकलं की ते, आता आपला काय संबंध?"

संबंध आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा, म्हणजे गाणं वापरलं की मिळणाऱ्या पैशाचा, वाटा सोडताच येत नाही. हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीनं तो मिळायला हवा. तो द्यायचाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (सभासदांचे असे पैसे वसूल करणारी संस्था), बाकी कुणाला नाही. शिवाय कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात.

मग पैसे का येत नाहीत? वसूल करणाऱ्यांकडं आपलं नावच नाही! गीतकार, संगीतकार आणि म्युझिक कंपन्या यांच्यासाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही अशीच संस्था १९६९ पासून आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, ऑनलाइन प्लॅटफॉर्म यांच्याकडून ती परवान्याचे पैसे घेते आणि सभासदांना वाटते. सभासद व्हायचं, प्रत्येक गाण्याची नोंद करायची. तुमचा पत्ता शोधत कुणी बेळगावच्या अनगोळात येणार नाही.

आणि नोंद करताना खरी गंमत कळते. यूट्यूब चॅनेलवर गीतकार म्हणून स्टुडिओच्या मालकाचं नाव, नाहीतर सरळ ‘पारंपरिक’! रेकॉर्डिंगचा खर्च त्यानं केला, तर रेकॉर्डिंग त्याचं, मान्य. पण शब्द आणि चाल ही वेगळी मालमत्ता आहे. लिहिणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं तिचे हक्क टिकतात. नाव चोरलं की नातवंडांपर्यंतचं चोरलं.

एक कटू गोष्ट आपल्याकडचीही. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची भजनी मंडळांपासूनची आपली हौस जुनी आहे, मलाही आवडते. पण ते रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकलं की चालीच्या मालकाची परवानगी लागते. तिथं आपण संगीतकार म्हणून स्वतःचं नाव लावणार असू तर त्या स्टुडिओवाल्याला कुठल्या तोंडानं बोलणार?

वरातीत वाजलं म्हणून पैसे मागा असं मी म्हणत नाही. लग्नसमारंभ आणि धार्मिक विधींना कायद्यातच सूट आहे. लहान गाण्याची रक्कमही चहापाण्यापुरतीच असेल. पण डीजेवर पाण्यासारखा पैसा ओतणारी मंडळं लिहिणाऱ्याला "फुकट दे की रे, देवाचं काम आहे" म्हणतात, तेव्हा डोकं फिरतं.

इथले काहीजण मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहितात. त्यांनी नोंद दोन्हींची करावी.