कायद्यात बसेल असा मार

नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद मागायची कुणाकडे, असं आपल्या आज्या विचारत आल्या. ताई, तो प्रश्न आता सुटला आहे. पावसानं झोडपलं तर तलाठी येऊन पंचनामा करतो. नवऱ्यानं मारलं तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्यात संरक्षण अधिकारी नावाचा खास माणूस नेमलेला आहे. दोघांपैकी आधी कोण येईल यावर पैज मात्र लावू नका.

आता मार जरा बेतानं खायचा. म्हणजे शक्यतो सोमवार ते शुक्रवार, जेवणाची सुट्टी टाळून. नवऱ्याचा पगार शनिवारी होतो आणि त्याची बाटलीही शनिवारीच उघडते हे कबूल, पण त्याला समजावून सांगा. शनिवारी रात्री अकराला पोलीस ठाण्यात गेलात तर टेबलावरचे दादा आधी विचारणार, "रक्त आलंय का?" नसेल आलं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील. माणसं वाईट नसतात हो, पाणीसुद्धा देतात. मग विचारतात, "पोरं किती?" तुम्ही म्हणता दोन. "मग कशाला संसार मोडताय?" संसार नक्की कोण मोडतंय हे त्यांना उलट विचारू नका, त्यांची ड्युटी संपत आलेली असते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून समज देतात. तो ती घेऊन घरी येतो आणि तुम्हाला देतो.

कायदा तसा दिलदार आहे. नुसता मारच नव्हे, तर किराण्याला पैसे न देणं, तुमचे दागिने परस्पर विकणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं, हे सगळं त्यात हिंसाचार म्हणूनच लिहिलेलं आहे. अडचण एवढीच, की टोमण्याचा एक्सरे निघत नाही. म्हणून त्यातल्या त्यात वळ उठेल असं काही पदरात पडलं तर बरं.

संरक्षण अधिकारी टेबलावर सापडले (बऱ्याचदा त्यांच्याकडे आणखी एका कामाचा पदभार असतो, तेव्हा तिकडेही बघून या), की ते घटनेचा अहवाल भरतात. त्यात रकाने आहेत : हिंसाचार कुणी केला, कुठे केला, कोणत्या तारखेला, किती वाजता. तेव्हा पाठीत लाटणं बसत असताना एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर असू द्या. आणि कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता ना, त्याच चौकटीत खाली नोंद करत चला. दूध दीड लिटर, थपडा दोन. महिनाअखेरीला बेरीज करायला सोपं जातं.

मग कोर्ट. अर्ज पोचल्यावर साधारण ३ दिवसांत पहिली तारीख, अधिकाऱ्यांनी २ दिवसांत नोटीस पोचवायची, आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा, असं कायदा सांगतो. 'प्रयत्न' हा शब्द नीट वाचा. प्रयत्न चालूच असतात. एका तारखेला नोटीस मिळालेली नसते, पुढच्या तारखेला त्यांचे वकील फक्त वकीलपत्र देतात, त्याच्या पुढच्या तारखेला म्हणणं देण्यासाठी मुदत मागतात, आणि मग साहेब रजेवर. पहिल्या तारखेला कडेवर असलेलं तुमचं पोर एके दिवशी 'प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' ही पाटी जोडाक्षरांसकट वाचून दाखवतं. शाळेची फी वाचली. तुमच्या शपथपत्रावर, समोरच्याची वाट न बघता, तातडीचा आदेश देता येतो असं कलम २३ म्हणतं. वकील तर विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न न विचारता. फक्त त्या वकिलाला कलम २३ ची आठवण तुम्हीच करून द्यायची.

घर कुणाच्या नावावर आहे, हेही लग्नाआधीच बघायला हवं होतं. २००६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बत्रा प्रकरणात सांगितलं, की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला त्यात राहण्याचा हक्क मागता येणार नाही. झालं, कालपर्यंत 'माझं घर' म्हणणारे कर्ते पुरुष एका रात्रीत आईच्या घरात आश्रित झाले. २०२० च्या ऑक्टोबरात आहुजा प्रकरणात त्याच न्यायालयानं ते फिरवलं : नांदती असाल तर घर कुणाच्याही नावावर असो, राहण्याचा हक्क मागता येतो. मधे गेली जवळजवळ १४ वर्षं. घराबाहेर राहण्यासाठी हा आकडा आपल्याकडे पूर्वीपासूनच ठरलेला आहे.

आणि एक दिवस आदेश मिळतो. नवऱ्यानं हात उगारू नये, घराबाहेर काढू नये. मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि एकट्या तुमच्या साक्षीवरही कोर्ट तो शाबीत धरू शकतं. आदेशाची प्रत कोर्टाकडून पोलीस ठाण्याला फुकट जाते. तिथं ती असतेच. फाइलमध्ये. फाइल कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते बंदोबस्ताला.

म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. एक पिशवीत, एक माहेरी, एक शेजारच्या काकूंकडे, आणि एक तांदळाच्या डब्यात तळाशी. नवरा घरभर उचकापाचक करतो, पण तांदूळ निवडायला तो कधी बसलेला नाही.

मग ज्या रात्री तो तुम्हाला बाहेर काढून आतून कडी लावेल, त्या रात्री काकूंची प्रत उपयोगी पडेल. ११२ ला फोन लावा. शिपाईदादा येतील, ओट्यावर उभे राहून मोबाइलच्या उजेडात कागद उलटसुलट करतील, म्हणतील, "शिक्का नीट उठलेला नाही. कोर्टाची नक्कल आहे का?" आवाज ऐकून कडी निघेल. आणि साहेबांना वाचायला त्रास होऊ नये म्हणून ओट्यावरचा दिवा नवराच लावून देईल.