हात दाखवून अवलक्षण

मी डावखुरा आहे, आमच्या आईच्या भाषेत 'डावरो'. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ माझ्या हातात आहे असं बायको म्हणते आणि पेनात आहे असं मी म्हणतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना याची कल्पना येणार नाही, पण मराठी काय नि इंग्रजी काय, लिहायचं डावीकडून उजवीकडे, म्हणजे तुम्ही लोक पेन ओढत नेता आणि आम्ही ढकलत नेतो, आणि मागून आमचाच हात येतो आणि आत्ता लिहिलेली ओळ पुसून जातो. शाळेत माझी करंगळीखालची बाजू बारा महिने निळी असायची. शाईपेन ढकललं की निब कागदात रुततं, चिखलात नांगर रुततो तसं. तेव्हा कॉलेजला गेल्यावर मी शाईपेनाला रामराम ठोकला आणि बॉलपेन, मग जेलपेन असा सुखाचा संसार चालू होता.

मी गोव्यात फोंड्याला एका पतसंस्थेत आहे. कॉम्प्युटर आले तरी व्हाऊचर, रजिस्टर, शेरे, सगळं हातानेच, त्यामुळे जेलपेनं भराभर संपतात आणि मेलेली पेनं टाकवत नाहीत म्हणून ड्रॉवरमध्ये जमतात. एके दिवशी ड्रॉवर उघडेना. बंगळुरूला आयटीत असलेला भाचा आला होता, तो म्हणाला मामा, इतकं प्लॅस्टिक कशाला करता, रिफिलेबल रोलरबॉल घ्या. म्हणजे काय तर पुढे बॉलपेनासारखी गोळी, ०.७ मिलीमीटरची, आणि मागे शाईपेनासारखा कन्व्हर्टर, त्यात दौतीतली शाई भरायची. निब नाही, त्यामुळे रुतणं नाही, गोळी काय कुठल्याही दिशेला फिरते, डावरो असो की उजवो. मला एकदम गहिवरून आलं. चाळीस वर्षं कोणीतरी माझ्यासाठी विचार करत होतं आणि मला पत्ताच नाही!

आता इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी भाच्याने मला नंतर सांगितली, म्हणजे पैसे भरून झाल्यावर. आजचं बॉलपेन ज्याने काढलं तो बिरो नावाचा हंगेरियन पत्रकार होता, त्याने १९३८ साली पेटंट घेतलं, आणि कशामुळे काढलं तर शाईपेनाची शाई लवकर सुकत नाही, डाग पडतात, याला वैतागून. छापखान्याची शाई पटकन सुकते हे त्याने बघितलं, पण ती घट्ट, निबातून उतरेना, म्हणून त्याने टोकाला गोळी बसवली. म्हणजे गोळी आली ती पातळ शाईपासून सुटका व्हावी म्हणून. आणि आम्ही काय केलं, तर गोळी ठेवली आणि मागून परत तीच पातळ शाई ओतली. त्या माणसाच्या आत्म्याला काय वाटत असेल.

असो. पेन आलं, काळं, जड, दिसायला एकदम साहेबी. सोबत कन्व्हर्टर. कन्व्हर्टर म्हणजे छोटी पिचकारी, मागचा दट्ट्या फिरवला की शाई ओढून घेते, पण त्यासाठी पेनचं अख्खं तोंड दौतीत बुडवायला लागतं आणि मग ते पुसत बसा. त्यापेक्षा सिरिंजने भरा, भाचा म्हणाला. म्हणून फार्मसीत गेलो. काउंटरवरची बाय ओळखीची.

"सिरिंज? कोणाक इंजेक्शन?"

"पेनाक."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईने शाईची दौतच पिशवीतून काढून दाखवली. ती बघून तिची शंका फिटायच्या ऐवजी वाढली. मागे उभा असलेला गृहस्थ म्हणाला, जाऊ दे गो, दी ताका. ते 'जाऊ दे' मला आजपण आठवतं.

घरी बेसिनपाशी ऑपरेशन सुरू केलं. कन्व्हर्टरमध्ये पुरती एक मिलीपण शाई मावत नाही, आणि मी सिरिंजमध्ये ओढली चांगली दोन मिली, आपल्याकडे जेवायला वाढताना जो हात तोच इथे. उरलेली कुठे गेली असेल ते सांगायला नको. बेसिन, नळ, आरसा, आणि एक थेंब तर मला अजून कळलेलं नाही कसा गेला ते, स्वयंपाकघरात ओट्यावर झाकून ठेवलेल्या सोलकढीच्या झाकणावर. आई आत येऊन बघते तर मी कोपरापर्यंत निळा.

"आरे, हात पळय तुजे! निळकंठ जालो मरे तूं."

पण मी खोटं बोलणार नाही, पहिला दिवस स्वर्ग होता. पेन कागदावर टेकवायचा अवकाश की आपोआप पळायला लागायचं, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून पाय जावा तसं. जोर द्यायलाच नको. अक्षर माझं, पण जरा आंघोळ करून आल्यासारखं दिसत होतं. मी उगाचच दोन व्हाऊचर परत लिहिली.

दुसऱ्या दिवशी विथड्रॉल स्लिपशी गाठ पडली. या स्लिपा कसल्या कागदाच्या असतात देव जाणे, शाई टेकली की अशी फुटते की 'पाच' लिहिलं तर पाचाला मुळ्या फुटतात, पारंब्या फुटतात. दौतीतली शाई पाण्यासारखी, आणि गोळी ती ओढते सढळ हाताने, त्यामुळे रेघ जाड, ओली, आणि पानाच्या मागच्या बाजूला आरशातली सही तयार. आमचे मॅनेजर शांत माणूस आहेत. त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं, मग परत सुलटं केलं, आणि म्हणाले, "तुम्ही हल्ली दोन्ही बाजूंनी लिहिता काय हो?"

त्यात तो जुलै महिना. गोव्यातला जुलै म्हणजे पापड चामड्यासारखे होतात, मीठ वाटीतून सुटत नाही, कपाटातल्या चपलांना पांढरी दाढी येते, तिथे शाई सुकणार कशी! एक ओळ लिहायची आणि हात वर धरून बसायचं, आशीर्वाद दिल्यासारखा. डावखुऱ्याने तर जास्तच बसायचं. टीपकागद मागायला स्टेशनरीच्या दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला टिश्यू पेपर आहे, चालेल? आणि गंमत बघा, कागदावर जी शाई अर्धा तास सुकत नाही तीच शाई चतुर्थीच्या सुट्टीत आठवडाभर पेन पडून राहिलं तर टोकात मात्र घट्ट सुकून बसते. गोळी हलायचं नाव नाही. मग कोमट पाण्यात बुडवा, हलवा, पाणी बदला, परत बुडवा. शाईपेनाचं निब-जिभली निदान ओढून काढता येतात, घासता येतात. ह्या गोळीच्या आत कुठे हात घालणार? म्हणूनच चमकीवाली शाई, दाट रंगाच्या भुकटीची शाई यात घालायचीच नाही, कण त्या फटीत अडकले की टोक बाद. हेही पैसे भरून झाल्यावर कळलं.

एकदा निळी काढून लाल भरली. टोकाच्या आत जुनी निळी थोडी लपून बसलेली असते, ती पाच-सहा दिवस निघतच राहते. नेमके ऑडिटर आले होते. मी लाल म्हणून केलेल्या सगळ्या खुणा जांभळ्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. बॉलपेनाने.

पण हे सगळं सोसलं असतं मी. खरा घात होतो तो "पेन आहे का?" या प्रश्नाने. आपल्याकडे बँकेत, पोस्टात, पंचायतीत माणूस सगळे कागद घेऊन येतो, तीन-तीन झेरॉक्स घेऊन येतो, पेन आणत नाही. काउंटरवर आम्ही दोऱ्याने बांधून बॉलपेन ठेवतो, तर महिन्यात दोरा शिल्लक राहतो. एका दुपारी एक आजोबा आले, मागितलं, आणि माझ्या हातात होतं ते मी दिलं, नाही म्हणायला जीभ वळली नाही. त्यांनी सवयीने दाबून लिहायला सुरवात केली, अंगठ्याने मागे खटका शोधला, मिळाला नाही. अर्धा शब्द उमटला नाही म्हणून त्यांनी जे केलं ते या देशात नव्वद टक्के माणसं करतात. पेन झटकलं.

भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीच्या काचेवर, शिपायाच्या टिफिनवर आणि कॅलेंडरवर. कॅलेंडरवरचे दोन थेंब बरोबर चतुर्थीनंतरच्या सोमवार-मंगळवारवर पडले. पुढचा आठवडाभर लोक विचारत होते, या दिवशीपण बंद आहे काय हो, खूण केलीय म्हणून.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊलाच माणूस वाफवायला लागतो. मी मोठा शहाणा, पांढऱ्या शर्टाला डाग नको म्हणून पेन पँटच्या खिशात घातलं, टोक खाली करून. आता कन्व्हर्टर होता अर्धा रिकामा, म्हणजे अर्धी शाई नि अर्धी हवा. मांडीच्या उबेने हवा फुगते, फुगली की शाईला ढकलते, शाईला जायला एकच रस्ता, टोक. टोक वर ठेवलं असतं तर हवाच सुटून गेली असती. पण टोक खाली, आणि रांग लांब, सरकारी प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात पाऊण तास.

माझ्या पुढे एक म्हातारी. वळून म्हणते, "बाबा, पेन आसा?" तिला तिच्या चिठ्ठीवर नातीचा फोन नंबर लिहून घ्यायचा होता, हरवले तर म्हणून. मी टोपण काढलं. टोपणात शाईचं तळं झालेलं. डाव्या हाताच्या तर्जनीवरून ओघळ थेट मनगटापर्यंत.

डाव्या हाताची तर्जनी! अख्ख्या वर्षात ज्या बोटाकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि त्या एका दिवशी सरकार फक्त तेच बोट बघतं. आणि डावखुऱ्याचं ते लिहायचं बोट.

आत गेलो. ओळखपत्र दाखवलं, नाव पुकारलं, पुढच्या टेबलावर मॅडम म्हणाल्या, डावं बोट दाखवा. मी दाखवलं. त्यांनी बघितलं, मी बघितलं, बाकावर बसलेले दोन्ही पक्षांचे एजंट अर्धवट उठले. तोपर्यंत ते एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, आता दोघांचं एकमत झालं.

"हाचें बोट पयलींच निळें आसा!"

मी म्हटलं, अहो ही पेनाची शाई आहे. एजंट म्हणाला बॉलपेनातून इतकी शाई येते काय. मी म्हटलं बॉलपेन नाही, रोलरबॉल, त्यात शाईपेनाची शाई. दुसरा म्हणाला म्हणजे शाईपेन. मी म्हटलं नाही, निब नाहीये, गोळी आहे. म्हणजे बॉलपेन! मागे रांग. कोणीतरी ओरडलं, कितें जालें रे भितर? आणि मी मतदान केंद्रात उभा राहून रोलरबॉल म्हणजे काय हे समजावतोय, एका हाताने, कारण दुसरा हात पुरावा म्हणून टेबलावर ठेवलेला.

शेवटी केंद्राध्यक्ष आले, कुठल्यातरी हायस्कुलातले मास्तर असावेत, चष्मा नाकावर. त्यांनी बोट प्रकाशात धरलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की मतदानाची शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, १९६२ च्या निवडणुकीपासून, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत बसतं आणि उन्हात काळं पडतं, कितीही घासा जात नाही. ही पेनाची असेल तर जाईल. "जा, नळावर धुवून या." एक पोलीस सोबत दिला. शाळेच्या नळावर, मुलांच्या उंचीचा तो, मी वाकून बोट चोळतोय, पोलीस बघतोय, आणि रांगेतली अख्खी वाडी बघतेय. शाई गेली. सगळी नाही, नखाच्या कडेला थोडी राहिली, पण मास्तरांनी मान डोलावली.

मग मॅडमनी रजिस्टर पुढे केलं, सही करा. माझा हात सवयीने खिशाकडे गेला.

"नको!" तीन माणसं एकदम ओरडली. त्यांच्या दोऱ्याला बांधलेल्या बॉलपेनाने मी सही केली. एका झटक्यात उमटली, जागच्या जागी सुकली, मागच्या पानावर काही नाही. मग त्यांनी त्याच बोटावर त्यांची शाई लावली, नखापासून खाली, जरा जास्तच लावली असं मला वाटलं.

संध्याकाळी रागाने पेन खोलून धुतलं. विकून टाकावं, कोणाला तरी भेट द्यावं, असं मनात घोळत होतं, पण धुतल्यावर ते इतकं छान दिसायला लागलं की म्हटलं एकदा भरून बघू, या वेळी काठोकाठ भरू म्हणजे हवाच राहणार नाही. सिरिंज घेतली.

सकाळी पों पों वाजवत पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. उंडे घ्यायला मी हात पुढे केला, पाचही बोटं निळी, त्यातली एक सरकारी. त्याने उंडे मोजता मोजता थांबून माझ्या हाताकडे बघितलं.

"बाब, पांच फावटीं मत दिलें?"

मी गुपचूप दहाची नोट दिली. तिच्यावर माझा अंगठा उमटला होता.